पाय लावणार नाही

आपल्या कोकणात कंबरेत उसण भरली की माणूस आधी डॉक्टरकडे जात नाही, आधी पायाळू माणूस शोधतो. जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी बाहेर आले, तो पायाळू. त्याने दुखऱ्या कंबरेला डाव्या पायाचा अंगठा लावला, हलकीशी लाथ मारली, की उसण उतरते असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो आहोत. त्यामुळे पायाळू माणसाच्या दारात वर्षभर कुणी ना कुणी कंबर धरून उभे असतेच.

राही पायाळू होती.

भाट्याच्या खाडीपलीकडे, डोंगराच्या अंगाला सरकलेल्या एका वाडीत ती आणि तिची आई गंगा अशा दोघीच राहत. राही गावच्या शाळेत शिकवी. ती फळ्यावर गणित मांडत असताना वर्गाच्या दारात एखादा वाकलेला गृहस्थ येऊन उभा राही आणि म्हणे, "बाय, जरा पाय दे गो." मुले खुदखुदत. राही खडू खाली ठेवून जाई, शाळेच्या उंबरठ्यावर त्याला पालथे झोपवी, अंगठा लावी आणि हात झटकून पुन्हा वर्गात येई. लोकांना बरे वाटे. कुणी शहाळे आणून देई, कुणी सुरंगीच्या फुलांचा वळेसर. पैसे मात्र कुणी द्यायचे नाहीत आणि तिने घ्यायचे नाहीत, असा रिवाज होता.

रिवाज आणखीही होते. दुखणेकऱ्याने उंबरठ्यावर आडवे व्हायचे, डोके घरात आणि पाय बाहेर. त्या वेळी कुणी बोलायचे नाही. आणि पाय लावून घेतल्यावर दिवेलागण होईपर्यंत कुठलाही पऱ्या, ओढा, खाडी ओलांडायची नाही. पाणी ओलांडले तर उतरलेली उसण दुपटीने भरते, असे जुनी माणसे सांगत. या शेवटच्या रिवाजामुळेच पुढचा सारा प्रसंग घडला.

राहीचे वडील आत्माराम पोस्टमन होते. निवृत्त झाल्यावर दोन-अडीच वर्षांत, गेल्या शिमग्यानंतर, ते गेले. तेव्हापासून गंगा लेकीच्या पायाची राखणदारीण झाली होती. दारात आलेल्या प्रत्येकाला ती बसवून घेई आणि सांगे, "आमच्या ह्यांची कंबर धरली तेव्हा मी हज्जारदा सांगितला, लेकीचा पाय लावून घ्या. ऐकला नाय. म्हनायचे, लेक म्हंजे लक्ष्मी, तिची लाथ कशी खाऊ? पाय घेतला असता तर आज ह्या ओटीवर बसलेले दिसले असते."

राही हे आतून ऐके आणि गप्प राही. वडील कशाने गेले ते तिला ठाऊक होते. त्यांच्या कंबरेच्या मणक्यात शिरा दाबल्या गेल्या होत्या आणि त्या वेळेवर मोकळ्या झाल्या नव्हत्या. रत्नागिरीच्या डॉ. इशरत काझी यांनी तिला हे समजावून सांगितले, तेव्हा वडील अंथरुणाला खिळले होते आणि पाठीला जखमा झाल्या होत्या. त्या चिघळूनच ते गेले. तिने त्यानंतर मिळतील ती पुस्तके वाचली. पण आईला काही सांगितले नाही. पाय घेतला असता तर वाचले असते, ही तेवढीच एक आधाराची काठी आईच्या हातात होती. ती कशी काढून घ्यायची?

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर राही घरी आली, तर अंगणात दहाबारा माणसे. उंबरठ्यावर चटई टाकून केरूला पालथे झोपवले होते.

केरू हा शेजारच्या रावजींचा मुलगा. वय तिशीच्या आसपास. मुंबईला गिरणीत होता, संपात गिरणी गेली, मग गावी येऊन चिरेखाणीवर लागला. जांभ्या दगडाचे चिरे उचलून गाडीत भरायचे. गिरणीत मागावर चाललेले हात आणि कंबर या कामाला सरावलेली नव्हती. पंधरवडाभर त्याच्या कंबरेतून उजव्या पायात, मांडीच्या मागून पार घोट्यापर्यंत कळ जात होती. तेल झाले, शेक झाला, बिब्ब्याचे चटके झाले. आदल्या दिवशी चिरा उचलताना कंबरेत काहीतरी कटकन झाले आणि तो जागच्या जागी बसला. आता चौघांनी खुर्चीत घालून आणला होता.

"आलीस? पाय धू नि ये," गंगा म्हणाली. "रावजीभावजी केव्हाचे खोळंबलेत."

राहीने पिशवी खुंटीला अडकवली आणि केरूकडे पाहिले. त्याच्या डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय अनवाणी. उजव्या पायाचा अंगठा सोलवटला होता आणि त्यावर रक्त सुकले होते.

"केरू, अंगठ्याला काय लागलं?"

"कुठं काय लागला?" चटईत तोंड खुपसलेला केरू म्हणाला.

"रक्त आलंय."

"आँ? मला नाय कळला."

राही पायाशी बसली. तिने त्याच्या उजव्या पावलाला हात लावला. "पाऊल वर उचल बघू." पाऊल उचलले गेले नाही. नुसते लटकत राहिले. तिने मान वर केली आणि वर्गात विचारावे तशा स्वच्छ आवाजात विचारले, "केरू, लघवी होते का तुला?"

बायकांनी पदर तोंडाशी नेले.

"अगो, ह्या काय विचारतंस?" रावजी खेकसले. "चार बायामानसं बसलीत हितं."

"म्हणूनच विचारते, काका. त्यांतल्या एकीला तरी ठाऊक असेल."

अंगणाच्या दगडी गडग्यावर बसलेला वाडीतला बाबल्या म्हणाला, "झाला! मास्तरीणबाय आता मुताचीपन हजेरी घ्यायला लागली."

हशा पिकला. राहीने त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही. "हो, घेते. केरू, हजर की गैरहजर?"

केरूने तोंड चटईत आणखी खुपसले. त्याचे कान लाल झाले होते. उत्तर आले ते तुळशीमागून. त्याची बायको काशी तिथे पोराला कडेवर घेऊन उभी होती.

"कालधरनं नाय झाली," ती म्हणाली. "पोट टम्म झालाय. मला बोलले, कुनाला सांगू नको."

"काशी!" केरू चटईतूनच ओरडला.

"वरडा. पन मी सांगतंय."

"बसतोस ती जागा बधिर झालीय का रे?" राहीने विचारले.

आता लपवण्यासारखे फारसे उरले नव्हते. "बसलो की गोधडीवर बसल्यासारखा वाटतां," केरू हळूच म्हणाला. "गोधडी नसली तरी."

राही उभी राहिली. "याला आत्ताच्या आत्ता रत्नागिरीला न्यायचं. डॉक्टर काझींकडे. खाणीवरची गाडी भरायला आली असेल, तिला हाक मारा कुणीतरी."

"नेऊ की," रावजी म्हणाले. त्यांचा आवाज जरा नरमला होता. "नेऊ. नाय कोन म्हनतो? पन आता आनलाच हाय तर आधी पाय लाव. मग नेऊ."

"नाही लावणार."

"का? काय बिघडतां? अंगठा तर लावायचा."

"पाय लावल्यावर खाडी ओलांडून न्याल त्याला?"

रावजी थबकले. बाकीचे एकमेकांकडे पाहू लागले. भाट्याची खाडी ओलांडल्याशिवाय रत्नागिरी येत नाही हे काय कुणाला सांगायला हवे होते?

"दिवेलागणीनंतर नेऊ," रावजी म्हणाले. "एका दिवसानं काय होतां? हाडाचं दुखणं काय पळून जातां?"

"हे हाडाचं दुखणं नाही, काका. शिरा दाबल्यात. लघवीची शीर, पायाची शीर, सगळ्या एका जागी चेपल्यात. दिवेलागणीपर्यंत त्या मेल्या तर पुन्हा जिवंत होणार नाहीत. केरू उरलेला जन्म असाच पालथा पडून राहील. म्हणून मी पाय लावणार नाही. आज नाही आणि उद्याही नाही."

"शिकलीस म्हनून बोलतंस," रावजी म्हणाले. "देवानं पायात शक्ती दिली, ती नाकारलीस तर जाईल हां ती."

"जाऊ दे."

"नि माझ्या पोराला काय झाला, तर?"

"तर माझ्या माथी. इथं सगळ्यांसमोर सांगते."

आत्तापर्यंत गंगा या वादात पडली नव्हती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, लेकीच्या पायावर घालायला आणलेला. तो तिने खाली ठेवला.

"राही, असा हट्ट नको करूस गो," ती म्हणाली. तिचा स्वर दुखावलेला होता. "तुझ्या बापसानंपन हाच हट्ट केला. पाय नको, पाय नको. काय झाला ता बघितलंस ना? दुसऱ्याच्या घरात तसाच व्हावा असा वाटतां तुला?"

सगळे राहीकडे पाहत होते. ती आईजवळ गेली. जे ती वर्षभर बोलली नव्हती ते बोलण्याची ही जागा नव्हती. पण दुसरी जागा नव्हती आणि वेळ तर नव्हताच.

"आई, बाबा पाय न लावल्यामुळे गेले नाहीत."

"मग?"

"त्यांना कुणी विचारलं नाही म्हणून गेले. मी नाही, तू नाही, कुणीच नाही. त्यांची उजवी चप्पल वाटेत गळून पडायची, आठवतं? त्यांना कळायचंसुद्धा नाही. लोक मागनं आणून द्यायचे. जन्मभर लोकांना टपाल पोचवलं, आता लोक त्यांना चप्पल पोचवतात, म्हणून आपण हसलो. बाबाही हसायचे. त्यांचं पाऊलसुद्धा असंच लटकत होतं, आई. मग ते पहाटे उठून स्वतःचं धोतर स्वतः विहिरीवर धुवायला लागले. मी म्हटलं, रिटायर झाल्यावर स्वच्छतेचं वेड लागलं." राही थांबली. तिने आवाज खाली येऊ दिला नाही. "ते वेड नव्हतं. त्यांना कळत नव्हतं आणि धोतर ओलं होत होतं. लाजेपायी त्यांनी सांगितलं नाही. डॉक्टरांना कळलं तेव्हा शिरा मेल्या होत्या. माझ्या पायानं त्या जगल्या नसत्या. दहा पायाळू आणले असते तरी जगल्या नसत्या."

गंगाने खाली ठेवलेल्या तांब्याकडे पाहिले. मग ती बोलली ते लेकीशीही नाही, लोकांशीही नाही.

"मला ठाऊक होता," ती म्हणाली. "धोतराला वास यायचा. दांडीवर वाळत असायचा तरी यायचा. मी विचारला नाय. म्हटला, एवढा मानी मानूस, विचारला तर मान खाली घालंल. त्यांची मान खाली जाऊ नये म्हनून गप्प बसले मी."

बाबल्या गडग्यावरून उतरून खाली उभा राहिला होता.

मग गंगाने डोळ्यांना पदर लावला, तो पुन्हा खोचला आणि रावजींकडे वळून म्हणाली, "बघताय काय भावजी? पोराला उचला. चटईवरनं नको, आमचा मागचा दरवाजा काढा नि त्याच्यावर घ्या. कंबर हलता नये. ऊठ रे बाबल्या, हसायला पुढं होतास ना? आता खांदा द्यायलापन पुढं हो."

"खांदा नको बोलू काकी," बाबल्या पुटपुटला. "हात देतो."

चिऱ्यांची गाडी अर्धी भरली होती, ती तशीच आली. चालवणारा मजीद भाट्याचाच. त्याने कारण ऐकले आणि भरलेले चिरे तिथेच वाटेवर उतरवायला लावले. "मालक ओरडू दे," तो म्हणाला. "चिरे काय, उद्यापन चिरेच राहतील." दरवाजावर आडवा केलेला केरू, उशाशी काशी, कडेला रावजी आणि राही. गाडी सुटणार तेवढ्यात गंगा पुढे केबिनमध्ये चढून बसली. तिला कुणी बोलावले नव्हते आणि उतर म्हणण्याची कुणाची छाती नव्हती.

डॉ. इशरत काझी पन्नाशीच्या. दर्यावर्दी घराण्यातल्या, बोलणे खणखणीत. त्यांनी केरूच्या तळपायाला टाचणी टोचून पाहिली, गुडघ्यावर रबराची हातोडी मारली, बसायच्या जागेला कापूस लावून "कळतं का?" असे विचारले. मग नळी घालून त्याची लघवी मोकळी केली. केरूच्या तोंडून जो सुस्कारा निघाला तो बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू आला. डॉक्टरांनी लगेच मिरजेला ट्रंककॉल लावला आणि रुग्णाला न्यायला गाडी मागवली.

गाडी येईपर्यंत त्या बाहेर येऊन बाकाशी उभ्या राहिल्या.

"डॉक्टरीणबाय," रावजींनी विचारले, "नक्की झालाय तरी काय त्याला?"

"चिऱ्याची भिंत बांधता ना तुम्ही? दोन चिऱ्यांच्या मध्ये चुना भरता. तसे पाठीत मणके एकावर एक असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. वरनं चिवट, आतनं मऊ. वाकून जड उचललं की कधीकधी ती गादी फाटते आणि आतला मऊ भाग बाहेर येतो. त्याच्या शेजारनंच पायाकडे जाणारी शीर गेलेली असते. ती दाबली की कळ जाते, मुंग्या येतात, पाय बधिर होतो. दुखणं कंबरेत आणि ओरडतो घोटा."

"मग सगळ्यांनाच कापायला लागतां?"

"नाही हो! शीर दाबली म्हणजे लगेच सुरी, असं नसतं. बहुतेकांना काही लागत नाही. सपाट फळीवर पडून राहायचं, ओझं उचलायचं नाही, दुखणं कमी व्हायला गोळ्या घ्यायच्या, कळ ओसरली की शिकवलेला व्यायाम करायचा. काही आठवड्यांत सूज उतरते, शीर मोकळी होते. तेवढा धीर मात्र कुणाला नसतो. बिब्बा घालतात, डाग देतात, कंबरेवर उभं राहून तुडवतात. कातडी भाजून आतली शीर कशी मोकळी होईल?"

रावजींनी राहीकडे चोरून पाहिले. "पन हिच्या पायानं लोकांना बरा वाटतां ता खोटा कसा म्हनू? मी सोता दोनदा घेतलाय. दुसऱ्या दिवशी चालाय लागलो."

"कितव्या दिवशी घेतला होता पाय?"

"तिसऱ्या-चौथ्या. आधी तेल लावून बघितला ना."

"साधी उसण म्हणजे आखडलेला स्नायू. तो चार-पाच दिवसांत आपला आपण सुटतो. तुम्ही चौथ्या दिवशी तिच्याकडे गेलात, पाचव्या दिवशी बरं वाटलं. कोंबडा आरवतो नि उजाडतं, म्हणून काय कोंबडा उजेड पाडतो? तिच्या जागी मी लाथ मारली असती तरी तुम्ही चालला असतात."

"तुमचा पाय लागला असता तर मी पळालो असतो," रावजी म्हणाले. त्या घटकेला ते स्वतःच हसले आणि लगेच गप्प झाले.

डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. "साध्या उसणीला पाय लावला तर नुकसान नाही. नुकसान असं होतं की साधी उसण कुठली आणि ही कुठली, हे पाय विचारत नाही. मणक्याच्या तळाशी शिरांचा झुबका असतो, केरसुणीच्या हिरांसारखा. पायाच्या, लघवीच्या, संडासच्या शिरा एकत्र. तो सगळा झुबका चेपला गेला की वेळ घालवून चालत नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडलं, यातलं एक जरी दिसलं तरी उठायचं आणि मोठं हॉस्पिटल गाठायचं. एवढंच सगळ्यांना कळायला हवं."

"केरू चालंल ना?"

"खोटं सांगणार नाही. सांगता येत नाही. पण लवकर आलाय. दिवेलागण करून आणला असता तर मला एवढंसुद्धा बोलता आलं नसतं."

गंगा बाकाच्या टोकाला बसून ऐकत होती. तिने आता विचारले, "आमच्या ह्यांना असाच आनला असता तर?"

डॉक्टरांनी राहीकडे पाहिले. काय सांगावे, हे त्या तिच्यावर सोपवत होत्या. राहीला खोटे बोलता आले असते. त्या दिवशी तिला तेही नको झाले होते.

"बहुतेक वाचले असते, आई," ती म्हणाली.

गंगाने मान डोलावली. ती रडली नाही. "बरा केलास सांगितलंस ता," ती म्हणाली. "वर्षभर मी त्यांनाच दोष देत होते. मेलेल्या मानसाला. ऐकला नाय, ऐकला नाय म्हनून." पदर सारखा करत ती पुढे म्हणाली, "आता त्यांना तरी सोडीन."

मिरजेला केरूच्या पाठीत औषध सोडून फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झाले. निसटलेल्या गादीचा तुकडा डॉक्टरांनी रावजींना बशीत दाखवला. "एवढासा?" रावजी म्हणाले. फणसाच्या आठळीपेक्षाही लहान होता तो.

केरू लगेच उठून पळू लागला असे झाले नाही. लघवीचा ताबा यायला महिना गेला. त्या महिन्यात त्याने कितीदा बायकोवर आदळआपट केली, कितीदा "मला मरू दे" म्हटले, ते काशीलाच ठाऊक. उजवे पाऊल अजून पुरते उचलत नाही. पट्टा बांधून तो चालतो. पण स्वतःच्या पायांनी चालतो, आणि विहिरीवर जाऊन स्वतः अंघोळ करतो. चिरे उचलणे कायमचे बंद. खाणमालकाशी भांडून त्याने गाड्या भरून घेण्याचे काम मिळवले. तिथे उभा राहून तो दिवसभर नव्या गड्यांवर ओरडत असतो, "गुडघ्यात वाक मेल्या, कंबरेत वाकू नको. माझ्यासारखा पट्टा हवा काय?"

गावात बोलणारे बोललेच. पाय नाकारला म्हणून राहीच्या पायातली शक्ती गेली, असे काहींनी ठरवून टाकले. एका बाईने तर विहिरीवर तिला तोंडावर विचारले, "गेली म्हनतात ती शक्ती?"

"गेली," राही म्हणाली. "बरं झालं. आता मुलांची गणितं अर्धवट राहणार नाहीत."

तरी माणसे येतच राहिली. जुनी सवय एका प्रसंगाने सुटत नसते. पण आता त्यांना ओटीवर गंगा गाठी. परवा राजापूरकडून एक म्हातारा आला होता, भाच्याला घेऊन, एसटीचे धक्के खात. धोतर सावरत ओटीच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "पायाळू मुलगी हितंच राहते ना?"

"राहते. पाय लावत नाय ती," गंगा म्हणाली. "पाणी घ्या. नि मी विचारतंय ता सांगा. कळ पायात उतरते? पाऊल घसटतां? बसायची जागा बधिर हाय? लघवीचा काय?"

म्हाताऱ्याने चमकून भाच्याकडे पाहिले, मग जमिनीकडे. "असला काय विचारता हो बाई?"

"लाज वाटते?"

म्हाताऱ्याने धोतर पुन्हा सावरले.

"मला नाय वाटत," गंगा म्हणाली. "ह्याच घरातनं एक मानूस लाजंपायी गेला. तो लाजला, नि मी त्याची लाज राखली. दोघांनी मिळून केला ता. तुमची मी राखनार नाय. बोला. बोलल्याबिगर हितनं उठता यायचा नाय."

आणि म्हातारा बोलला. आधी अडखळत, मग भडाभडा. लघवीचे काही नव्हते, पाऊलही नीट होते. नुसतीच कळ होती. फळीवर झोपण्याने आणि गोळ्यांनी ती जाण्यासारखी होती. गंगाने त्याला डॉक्टर काझींचा पत्ता सांगितला आणि पाच वाजताच्या गाडीला लावून दिले.

आपल्या घरांतही कुणाची तरी चप्पल वाटेत गळत असेल. कुणीतरी पहाटे उठून गुपचूप स्वतःचे कपडे धूत असेल. त्याचा मान राखायचा म्हणून आपण तोंड फिरवतो आणि त्यालाच मर्यादा म्हणतो. ती मर्यादा नव्हे. दाबलेली शीर मोकळी करायला आज औषध आहे, विश्रांती आहे, व्यायाम आहे, गरज पडली तर शस्त्रक्रिया आहे. पण हे सगळे विचारल्यानंतर सुरू होते. म्हणून आपल्या माणसाला विचारा. चारचौघांत विचारावे लागले तरी विचारा, तो रागावला तरी विचारा. त्याची लाज त्याच्या जिवापेक्षा मोठी नाही, आणि आपली तर नाहीच नाही.